दुपारी दोनचं कासव

मार्चचा तिसरा आठवडा होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पाच नंबरच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मिस्त्री, गाडीत कासव आलंय बघा."

बॅटरीवरच्या टेम्पोच्या डॅशबोर्डवर कासवाचं चित्र लागलं की समजायचं, गाडीने आपली ताकद आपणच कापून घेतली. गाडी बंद पडत नाही, पण भरलेला टेम्पो सायकलवाल्यालाही मागे टाकू शकत नाही. पुलाच्या चढावर मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या दोन्ही खाव्या लागतात. त्या दिवशी एक गाडी, चार दिवसांनी तीन, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नऊपैकी आठ. वेळ जणू ठरवून दिलेली, दोन ते साडेचार. सकाळी सगळ्या गाड्या ठणठणीत, दिवेलागणीला पुन्हा ठणठणीत.

या नऊ गाड्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या. गोडाऊनमधून सुताच्या कोनांची पोती भरायची, अशोक चौक, विडी घरकुल या बाजूच्या यंत्रमाग कारखान्यांत पोचवायची आणि येताना टॉवेल-चादरींचे गठ्ठे आणायचे. दिवसाला गाडीमागे साठ-सत्तर किलोमीटर. गाड्यांची देखभाल माझ्याकडे. त्याआधी बारा वर्षं मी पुण्याकडे टेस्ट ड्रायव्हर होतो. नवी गाडी मोडेपर्यंत चालवायची आणि कुठे, कधी, किती किलोमीटरला मोडली ते वहीत लिहायचं, हे काम. वहीची ती खोड सुटली नाही, म्हणून हे प्रकरण इतक्या तपशिलाने हाताशी आहे. नुसता मिस्त्री असतो तर एखादी बॅटरी बदलून मोकळा झालो असतो.

आरोपी तीन

मालकांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ड्रायव्हर दुपारी टंगळमंगळ करतात आणि कासवाचं नाव पुढे करतात. ड्रायव्हर म्हणायचे, बॅटरीत हलका माल घातलाय. कंपनीचं मत फोनवर गोड आवाजात आलं, "सर, ओव्हरलोड होत असेल. आपली गाडी राजस्थानात पंचेचाळीस डिग्रीला टेस्ट झालेली आहे."

ओव्हरलोडचा संशय मलाही होता. मालवाहू गाडीची क्षमता आपल्याकडे आरसी बुकात लिहिण्यापुरतीच असते. म्हणून तो आधी निकाली काढला. तीन दिवस प्रत्येक गाडी भरल्यावर वजनकाट्यावर नेली. मर्यादा साडेपाचशे किलोची. काट्यावर येत होते पाचशे ऐंशी, सहाशे, एकदा तर सहाशे चाळीस. म्हणजे जास्त होतंच, आणि जास्त वजनाचा दंड बॅटरीला व्याजासकट पडतो. करंट दुप्पट झाला की आतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. पण तेवढंच वजन सकाळी साडेनऊलाही असायचं आणि तेव्हा कासवाचा पत्ता नसायचा. आरोपी दोन्ही वेळी हजर, गुन्हा मात्र एकाच वेळी. अशाला एकट्याला फाशी देता येत नाही. पोती बाराची अकरावर आणून पाहिली. कासव वीसेक मिनिटं उशिरा आलं, एवढाच फरक पडला.

बॅटरीचा माल हलका असल्याचा आरोप कंपनीच्या माणसाच्या लॅपटॉपने एका दुपारीत पुसला. सगळ्या सेलचं व्होल्टेज एका रांगेत होतं. कासव येण्याचं कारणही तिथेच नोंदलेलं होतं. बॅटरीच्या पॅकचं तापमान पन्नासला पोचलं की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, मोटरची ताकद कापतं. म्हणजे गाडी बिघडलेली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "ती वाचली, माझं काय?"

राजस्थानात टेस्ट झाली म्हणजे काय झालं

कंपनीचं ते वाक्य खोटं नव्हतं. माझा बराच वेळ गेला तो ते वाक्य खरं मानूनही आमच्या गाड्या का अडतात, हे शोधण्यात.

गाडी तपासायला वेगळं मैदान हवं, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने मिशिगनमधल्या मिलफर्डला १९२४ साली तसं मैदान उभारलं. त्याआधी नवी गाडी सरळ लोकांच्या रस्त्यावर पळवून बघायचे. आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था १९६६ची, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी मैदानाचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. मैदानावर रस्ता आपल्या मुठीत असतो. ओबडधोबड दगडी फरसबंदी, पाण्याची खंदक, ठरलेल्या अंशाचा चढ, जे हवं ते बांधून ठेवता येतं आणि पन्नास वेळा तसंच्या तसं पुन्हा करता येतं. हवा मात्र मुठीत येत नाही. बंद खोलीत दिवे लावून सूर्य तयार करतात, चौरस मीटरला हजारेक वॉटचा. युरोपात गाडीची रेंज काढायची डब्ल्यूएलटीपी चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. सोलापूरकर त्या खोलीत स्वेटर मागेल. पण शेवटी गाडी घेऊन हवेच्या मागे जावंच लागतं. थंडीसाठी युरोपातल्या कंपन्या स्वीडनमध्ये आर्येप्लोगच्या गोठलेल्या तलावांवर जातात, उन्हासाठी अमेरिकेतली डेथ व्हॅली आहे. आपल्या देशात या दोन टोकांची नावं लेह आणि राजस्थान.

लेहला साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ. डिझेल इंजिनाला तिथे दमा होतो. बॅटरीच्या गाडीला दमा होत नाही, तिचं दुखणं वेगळं. शून्याखाली गेलेल्या पॅकला जोराने चार्ज केलं तर लिथियम सेलमध्ये शिरण्याऐवजी धातू होऊन पृष्ठभागावर साचतं आणि सेल कायमचा जायबंदी होतो. राजस्थानात याच्या उलट. फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा ठिकाणी टिकलेली गाडी सोलापुरात का अडावी?

मी स्वतः दोन उन्हाळे तिकडे काढलेत. दिवस असा जायचा: गाडी रात्रभर हॉटेलच्या आवारात चार्जिंगला. पहाटे पाचला निघायचं. भर उन्हात लांबच लांब सरळ रस्त्यावर एका वेगाने शंभर-दीडशे किलोमीटर. गरम का होईना, पण गाडीच्या अंगाला वारा लागत राहायचा. जेवायला थांबलो की गाडी खेजडीच्या सावलीत, कारण परत आपल्यालाच तीत बसायचं असतं. नियमाने ती उन्हातच उभी करायला हवी. त्याला आम्ही 'सोक' म्हणायचो; लोणचं मुरवतात तसं गाडीत ऊन मुरवायचं. नियम पाळणाऱ्या टीम हे करतातही, कारण पेट्रोल गाड्यांपासूनचा अनुभव आहे की पळणाऱ्या गाडीपेक्षा नुकतीच बंद केलेली गाडी जास्त छळते. पंखा थांबतो, वारा थांबतो, इंजिनातली सगळी उष्णता बॉनेटखाली साचते, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पाच मिनिटांपूर्वी ऐंशीने पळणारी गाडी सुरूच होत नाही. पण सावली दिसल्यावर उन्हात थांबायला फार कडक टीम लीडर लागतो.

आमच्या टेम्पोचा राजस्थानातला कार्यक्रम कंपनीच्या इंजिनिअरने मला नंतर दाखवला. बहुतेक असाच होता. भर दुपारी चार्जिंग करायचं आणि गाडी लगेच माल भरून काढायची, असा प्रसंग त्यात नव्हता. आमच्याकडे तो रोजचा होता.

पाच नंबरची एक दुपार

पॅकचं तापमान डॅशबोर्डवर दिसत नाही, कंपनीच्या ॲपवर मिळतं. बाकीच्या मोजमापाला माझ्याकडे कोरोनातली कपाळाची बंदूक होती. ती बेचाळीसच्या जरा वर गेलं की 'हाय' दाखवून गप्प बसायची. माणसाला त्याहून जास्त ताप आला तर पुढचे आकडे कोणाला हवेत! वर्कशॉपवाली नवी बंदूक घेतली आणि एप्रिलमधला एक दिवस पाच नंबरच्या शेजारी बसून काढला.

सकाळी सहाला पॅक ३२. दोन फेऱ्या झाल्यावर अकराला ३९. साडेबाराला गोडाऊनवर परत आली तेव्हा ४१. शेडमध्ये लावून चार्जरची पिन जोडली, ड्रायव्हर डबा खायला गेला. शेडचा पत्रा बंदुकीने ६० च्या पुढे दाखवत होता आणि गाडीखालची हवा ४४. दोन वाजता पिन काढली तेव्हा पॅक ४७. बारा पोती चढली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी पुलाच्या चढावर, माझ्या डोळ्यांसमोर, ५० आणि कासव.

घरी येऊन हिशेब केला. पॅक साधारण ऐंशी किलोचा. एक किलो सेल एक अंशाने तापवायला हजारेक ज्यूल लागतात, म्हणजे अख्ख्या पॅकला अंशामागे ऐंशी हजार. चार्जर दोन किलोवॉटचा. त्यातले शंभरात चार पॅकमध्ये उष्णता होऊन राहतात असं धरलं तर ऐंशी वॉट. दीड तासाचे चार लाख बत्तीस हजार ज्यूल. भागिले ऐंशी हजार, सव्वापाच-साडेपाच अंश. वहीत सहा अंश वाढ. उरलेला अर्धा अंश पत्र्याचा. हिशेब आणि वही इतकी जवळ आली की मलाच शंका आली आणि दुसऱ्या दिवशी सात नंबरवर सगळं परत केलं. तिथे साडेसहा आले.

ऐंशी वॉट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता. एरवी ती सहज निघून गेली असती. पण उष्णता निघून जायला थंड बाजू लागते. पॅक ४१ आणि भोवतालची हवा ४४, तर ती जाणार कुठे? उलट बाहेरचीच आत येते. पेपरात त्या दिवशीचं सोलापूरचं तापमान ४१ छापलं होतं आणि तेही खरंच होतं. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, छातीच्या उंचीवर असतो. आमचा पॅक सीटखाली, तापलेल्या डांबरापासून दीड वीत वर असतो. त्या डांबरावर मी बंदूक धरली तेव्हा ६२ आलं.

आणखी एक गोष्ट वहीत दिसत होती, ती मला आमच्या गावाकडच्या धाब्याच्या घरामुळे पटकन कळली. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. अशा घरात दुपारी बारालाही गार वाटतं, कारण ऊन अजून भिंतीतच वाट काढत असतं. ते आत पोचतं रात्री, सगळे अंगणात झोपायला गेल्यावर. पॅकचंही तसंच. दुपारी तीनला तापलेला पॅक संध्याकाळी सातला, बाहेर झुळूक सुटल्यावरही, ४५च्या आत येत नव्हता. आणि आमच्या गाड्या सात वाजता परत आल्या की सव्वासातला रात्रीच्या चार्जिंगला लागायच्या. या जातीच्या सेलना चार्जिंगसाठी साधारण शून्य ते पंचेचाळीस अंश ही मर्यादा सांगतात. वापरताना साठपर्यंत चालतं, भरताना नाही. आमचं बीएमएस मात्र पन्नासपर्यंत पूर्ण जोराने भरू देत होतं. कासव निदान दिसत तरी होतं. रोज गरम पॅक चार्ज करून त्याचं आयुष्य कापलं जात होतं, त्याला डॅशबोर्डवर कुठलंच चित्र नाही.

चार नंबर

नववी गाडी, चार नंबर, तिला कासव एकदाही आलं नाही. तिच्यावर अण्णा. वय साठीला टेकलेलं. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी आणि गाडीशी भांडण कन्नडमध्ये. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कासव काय ओ, माझ्या गाडीला माहीतच नाही ते."

बाकीच्या ड्रायव्हरांनी याचं उत्तर स्वतःच शोधून ठेवलं होतं. चार नंबरचं बॅटरीखालचं फायबरचं गार्ड फेब्रुवारीत एका स्पीड ब्रेकरला घासून निघालं होतं. ते परत बसवलंच नव्हतं. खाली मोकळं म्हणून वारा लागतो, वारा लागतो म्हणून कासव नाही. ऐकायला चोख. एक नंबर आणि सहा नंबरवाल्यांनी रातोरात पाना लावून आपलीही गार्डं काढली आणि सकाळी मला सांगितलं. मी रागावलो नाही. ट्रॅकवर इंजिनिअर लोकही नेमकं हेच करतात: जी एक गोष्ट वेगळी दिसली तीच कारण धरतात.

चार नंबरमध्ये वेगळ्या गोष्टी एक नव्हे, तीन होत्या. गार्ड नव्हतं. अण्णांची सकाळची शेवटची फेरी त्यांच्या घराजवळ संपायची, म्हणून ते जेवायला घरी जायचे आणि गाडी कडुनिंबाखाली लावायचे. आणि घरी असल्यामुळे दुपारचं चार्जिंग होत नव्हतं. या तिघींना सुटं करायचं तर एका वेळी एकच बदलावी लागते, आणि त्यात आठवडा जातो. मालकांकडून तो आठवडा मागून घेतला. माल तोच, वाट तीच, ड्रायव्हर तेच, प्रत्येक गाडीत अकराच पोती. तेवढंच माझं मैदान.

पहिले दोन दिवस गार्ड. पाच नंबरचं काढून चालवली, मग लावून. चालत्या गाडीत फरक पडला दीड अंशाचा, उभ्या गाडीत काहीच नाही. मग सावली. दुपारी चार्जिंग न लावता पाच नंबर एक दिवस पत्र्याखाली ठेवली, एक दिवस कडुनिंबाखाली. दोन वाजता झाडाखालची तीन अंशांनी गार. पण गंमत अशी की पत्र्याखाली ठेवलेल्या दिवशीही कासव आलं नाही. पॅक दोनला साडेबेचाळीस होता, चारला ४७ आणि तिथेच रेंगाळला. शेवटी उलटी परीक्षा. अण्णांची चार नंबर, गार्ड नसलेली, कधीही कासव न आलेली, गोडाऊनवर आणून पत्र्याखाली दीड तास चार्जिंगला लावली. अडीचला तिच्या डॅशबोर्डवर कासव. अण्णा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बोलायला लागले तेव्हा मी विचारलं, "दुपारी चार्ज न करता तुमचं भागतं कसं?"

"लावायला लागतंय कुठं ओ? रात्री गाडी लावतो तेव्हा पंचवीस टक्के उरतंय की."

वही काढून बघितलं. सगळ्याच गाड्यांचं तेवढं उरलं असतं. दुपारचं चार्जिंग आलं कुठून, तर मालकांच्या हुकमातून. गाड्या नव्या असताना डिसेंबरमध्ये एकीची बॅटरी संध्याकाळी वाटेत संपली होती, आदल्या रात्री पिन नीट बसली नव्हती म्हणून. तेव्हापासून 'जेवायला आलात की पिन लावा' हा नियम. हिवाळ्यात त्याचा त्रास कोणाला झाला नाही. हे मालकांना सांगायला मी संध्याकाळची, चहानंतरची वेळ निवडली. त्यांनी वही दोनदा उलटसुलट पाहिली. "म्हणजे कासव मी पाळलंय म्हणा की," असं म्हणाले आणि विषय संपवला. ड्रायव्हरांवरचा आरोप मात्र त्यांनी तोंडाने कधी मागे घेतला नाही.

तूस

दुपारचं चार्जिंग बंद केलं आणि सहा गाड्यांचं कासव गेलं. दोन आणि आठ नंबरचं गेलं नाही. उलट आता ते सकाळी अकरालाही यायला लागलं, आणि तेव्हा पॅक जेमतेम ३८. म्हणजे हे वेगळं कासव होतं. ॲपवर पाहिलं तर तापमान कंट्रोलरचं चढत होतं. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला डबा. त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पात्या असतात आणि त्याची सगळी उष्णता त्या पात्यांवाटे जाते.

डबा उघडायची गरजच पडली नाही. मागची जाळी काढली आणि पात्या दिसल्याच नाहीत. त्यांच्या फटीत करड्या-पांढऱ्या तुशीचा थर बसला होता. तेलकट, दाबलेला, बोटाने धरून ओढला तर एका तुकड्यात निघाला, जुन्या गादीतला कापूस निघतो तसा. दोन आणि आठ नंबर कारखान्यांच्या दारात नव्हे, थेट मागांच्या शेडमध्ये जाऊन माल उतरवायच्या. तिथे हवेत सुताची तूस तरंगत असते, मागांच्या तेलाचा वास असतो, आणि ही दोन्ही पात्यांवर येऊन बसतात. कंट्रोलरला आम्ही एप्रिलमध्ये रजई पांघरून दिली होती. ब्लोअर मारला, ब्रशने पात्या साफ केल्या, त्याच दिवशी कासव गेलं.

मेमध्ये कंपनीचा इंजिनिअर स्वतः आला. तिशीच्या आतला मुलगा, फोनवरच्या गोड आवाजापेक्षा बराच बरा. लॉगर, म्हणजे नोंदी घेणारं यंत्र, लावून दोन दिवस टेम्पोत ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसला, शर्टावर मिठाचे पट्टे उठले तरी उतरला नाही. मी जपून ठेवलेला तुशीचा तुकडा त्याच्या हातावर दिला. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, आमच्या धुळीच्या टेस्टमध्ये बारीक पूड असते. धागा नसतो." पुड्यात बांधून घेऊन गेला. महिन्याभरात बीएमएसचं नवं सॉफ्टवेअर आलं. आता पॅक बेचाळीसच्या वर असला तर चार्जर निम्म्यावर येतो. कंट्रोलरच्या जाळीचं काय झालं ते अजून आलेलं नाही.

आमच्याकडचे बदल त्याहून साधे. चार्जिंग रात्री अकराला टायमरवर सुरू होतं, तोवर गाड्या शेडबाहेर मोकळ्यावर उभ्या राहतात. शेडच्या पत्र्याला वरून चुना मारला. जड फेऱ्या, म्हणजे सुताच्या पोत्यांच्या, सकाळी साडेसहा ते अकरा. टॉवेलचे गठ्ठे आकाराने मोठे पण वजनाला हलके, ते दुपारी. कागदावर हे पाच मिनिटांत ठरलं. प्रत्यक्षात कारखानदारांनी तीन आठवडे घोळ घातला, कारण सूत दुपारी घ्यायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय, आणि साडेसहाला शेडची किल्ली असलेला माणूस आलेला नसतो. मला धास्ती हमालांची होती, ते पहाटे येणार नाहीत म्हणून. ते मात्र पहिल्याच दिवशी हजर. उन्हाआधी पाठ मोकळी होत असेल तर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला त्या दिवशी नऊ गाड्यांत मिळून एक कासव आलं, तेही सहा नंबरच्या ड्रायव्हरने सवयीने दुपारी पिन लावली म्हणून.

आणि मग पाऊस

गार्डाचं राहिलं. चार, एक आणि सहा या तीन गाड्या अजून खालून उघड्याच होत्या. दीड अंशाचा का होईना, फायदा होता, आणि उन्हाळ्यात मी स्वतःच 'राहू दे' म्हणालो होतो. हा निर्णय माझा, ड्रायव्हरांचा नव्हे.

जुलैत दोन दिवस चांगला पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी रेल्वे पुलाखाली साचलेल्या घोटाभर पाण्यात सहा नंबर उभी राहिली. कासव नाही, काही नाही, सरळ अंधार. ओढून आणली. पॅक उघडला तर आतून कोरडा ठाक. त्याची मला काळजी नव्हतीच. २०२२च्या उन्हाळ्यात देशभर बॅटरीच्या गाड्यांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. त्यात पॅकला पाण्याची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जाता कामा नये. पण ही परीक्षा पॅकची आहे. पॅकमधून बाहेर येणाऱ्या वायरीचा सॉकेट गार्डाच्या आडोशाला राहील, असं धरून बसवलेला होता. गार्ड नाही म्हटल्यावर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट त्याच्यावर. रबराच्या कडेत काळी माती ठासून बसली होती आणि आतल्या पिना हिरव्या झाल्या होत्या. एक नंबरचा सॉकेट काढला, तोही हिरवा व्हायला लागलेला. चार नंबरचा जरा बरा, कारण अण्णा चिखलातून गाडी काढायची वेळ आली की फेरा मारून जातात.

एक आणि सहाची गार्डं गोडाऊनच्या माळ्यावर सापडली. चार नंबरचं तुटून निघालं होतं तेव्हा अण्णांनी घरी नेलं होतं, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात कडुनिंबाला शेळी बांधलेली, तिच्यापुढे ते गार्ड उताणं टाकलेलं आणि त्यात पाणी. एका कडेला स्पीड ब्रेकरने गेलेला तडा अण्णांनी डांबर लावून बुजवला होता. गार्ड उचललं तशी त्यांच्या मंडळी बाहेर आल्या आणि शेळीच्या पाण्याचं काय ते विचारलं. जोडभावी पेठेतून प्लास्टिकची एक पाटी आणून दिली. खर्च गाडी नंबर चार, किरकोळ, असा वहीत लिहिला.